पाच सेकंदांसाठी बॅटरी निवडताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत काही वर्षांपूर्वी भर दुपारी वीज गेली आणि डिझेल जनरेटरचा सेल्फ ‘टक्’ एवढाच आवाज करून थांबला. ज्यांनी इंडक्शन भट्टी जवळून पाहिलेली नाही, त्यांना यातील गांभीर्य लगेच जाणवणार नाही. भट्टीत वितळलेले लोखंड असताना तिच्या तांब्याच्या कॉइलमधून थंड पाणी सतत फिरत राहावे लागते. वीज गेली म्हणून लोखंडातली उष्णता जात नाही, आणि पाण्याचा पंप थांबला तर कॉइल आणि भट्टीचे अस्तर या दोहोंनाही इजा होते. त्या दिवशी उंचावरील टाकीचे पाणी उताराने सोडून वेळ निभावली. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की, जनरेटरच्या १०० एएचच्या दोन बॅटऱ्या महिनाभरापूर्वी बाद झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी, तात्पुरत्या म्हणून, कार्यालयातील इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या बसवलेल्या होत्या. बसवणाऱ्याचा हिशेब सरळ होता. शंभराच्या जागी दीडशे, म्हणजे बॅटरी दीडपट ताकदीची झाली.

हा हिशेब इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला चूक म्हणण्याआधी तो का सुचतो, हे पाहणे योग्य ठरेल. बॅटरीच्या दुकानात आपल्याला एकच आकडा विचारण्याची सवय लागलेली आहे, आणि तो म्हणजे एएच, अर्थात अँपिअर-अवर. तो आकडा खोटा नसतो, परंतु तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

पावसाळ्यात कोल्हापूरकर दोन प्रकारचे आकडे रोज वाचतात. राधानगरी धरणाचा साठा सुमारे ८.३६ टीएमसी, हा एक प्रकार. आणि धरण भरल्यावर त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला की त्यातून १४२८ क्युसेक विसर्ग, हा दुसरा. पहिला आकडा पाणी एकूण किती आहे ते सांगतो, दुसरा ते दर सेकंदाला किती बाहेर पडते ते सांगतो. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी किती फुटांवर जाईल, हे काढायला बसलेला माणूस आधी किती दरवाजे उघडले ते विचारतो; धरणाची क्षमता वाढली आणि दरवाजे तेवढेच राहिले, तर त्याच्या त्या दिवसाच्या उत्तरात फरक पडत नाही. बॅटरीवरचा एएच हा टीएमसीच्या जातीचा आकडा आहे आणि सेल्फला हवा असतो तो क्युसेकच्या जातीचा, म्हणजे अँपिअरचा.

गंमत अशी की, झटक्याच्या कामात साठा जवळजवळ खर्चच होत नाही. मोठ्या जनरेटरचा सेल्फ ६०० अँपिअर घेतो आणि इंजिन ६ सेकंदांत चालू होते असे धरले, तर खर्च झाले ३६०० अँपिअर-सेकंद, म्हणजे बरोबर १ एएच. शंभर एएचच्या बॅटरीतला शंभरावा भाग! साठ्याच्या दृष्टीने ते काम स्कूटरच्या बॅटरीनेही केले असते. ते तिला जमत नाही याचे कारण पाणी कमी आहे हे नसून दरवाजा लहान आहे, हे आहे.

आता बॅटरीतला हा दरवाजा म्हणजे नेमके काय, ते पाहू.

शिसे-आम्ल बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये धन बाजूला लेड डायऑक्साइडच्या प्लेटा, ऋण बाजूला स्पंजासारख्या सच्छिद्र शिशाच्या प्लेटा आणि दोहोंमध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. प्रवाह घेताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते, त्यासाठी आम्ल खर्च होते आणि पाणी वाढते. चार्ज करताना हेच उलट घडते. एका सेलचा दाब सुमारे दोन व्होल्ट, म्हणून बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल. इथवर शाळेच्या पुस्तकातही असते. पण ही क्रिया प्लेटच्या जाडीत सगळीकडे एकदम होत नाही. जिथे प्लेट आणि आम्ल यांचा प्रत्यक्ष स्पर्श आहे तिथेच ती होते. एका सेकंदात किती प्रवाह मिळेल हे म्हणूनच आम्लाला भिडलेल्या पृष्ठभागावर ठरते, आणि किती तास मिळेल हे प्लेटांवर एकूण ऐवज किती आहे यावर. त्याच डब्यात पातळ प्लेटा जास्त संख्येने बसवल्या तर पृष्ठभाग वाढतो. जाड प्लेटा कमी संख्येने बसवल्या तर टिकाऊपणा वाढतो. दोन्ही एकाच वेळी हवे असेल तर डबा मोठा करावा लागतो, आणि त्याबरोबर वजन व किंमतही.

गॅस्टन प्लांते यांनी १८५९ साली ही बॅटरी प्रथम बनवली तेव्हा त्यांनी शिशाचे दोन पत्रे गुंडाळून आम्लात बुडवले होते. पुढे १८८१ साली कामील फोर यांनी प्लेटांवर लेप देण्याची पद्धत आणली, आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आल्यावर केवळ झटक्यासाठी घडवलेल्या बॅटरीची शाखा वेगळी वाढू लागली. त्याआधी काम हँडल मारूनच भागत असे. आपल्याकडे शेतावरच्या ऑइल इंजिनाला हँडल मारताना मनगट सांभाळण्याचे शिक्षण घेतलेली पिढी अजून आहे.

धरणाची उपमा मात्र इथून पुढे जपून वापरावी लागते, कारण धरणाचा दरवाजा पाणी सोडता सोडता स्वतःच बुजत नाही आणि बॅटरीचा बुजतो. प्लेटच्या बारीक छिद्रांत जे आम्ल असते ते मोठ्या प्रवाहात काही सेकंदांत पातळ होते. बाहेरचे ताजे आम्ल आत झिरपायला वेळ लागतो. शिवाय तयार झालेले सल्फेट छिद्रांची तोंडे अरुंद करते. म्हणून मोठा प्रवाह सतत घेतला तर बॅटरीत ऐवज शिल्लक असतानाच ती दमते, आणि थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा उठते. सेल्फ दहा सेकंद मारून अर्धा मिनिट थांबा, असे जुने मिस्त्री सांगतात, त्यामागे सेल्फच्या मोटारीची उष्णता हे एक कारण आहे आणि आम्लाचे हे झिरपणे दुसरे. तासाभराच्या मोठ्या प्रवाहांसाठी या दमण्याचा हिशेब पॉयकर्ट यांच्या १८९७ च्या सूत्राने करतात. बॅटरी १०० एएचची असेल आणि तिचा पॉयकर्ट घातांक १.२ धरला, तर १०० अँपिअर घेताना ती एक तास न चालता सुमारे तेहेतीस मिनिटेच चालते. पाच सेकंदांच्या कामाला मात्र हे सूत्र लावू नये. तिथे बॅटरी रिकामी होण्याआधीच दाब कोसळतो, आणि प्रश्न त्या कोसळण्याचा असतो.

दाब कोसळतो तो बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे. आतील जाळी, सेल जोडणाऱ्या पट्ट्या, प्लेटांमधील पडदे आणि खुद्द आम्ल या सगळ्यांचा मिळून एक लहानसा रोध असतो, जो मिलिओहममध्ये, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागात मोजतात. घरातील दिव्यांच्या प्रवाहात तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ४०० अँपिअर वाहू लागले की प्रत्येक मिलिओहम ०.४ व्होल्ट खातो. चार मिलिओहमच्या चांगल्या सेल्फ-बॅटरीत १.६ व्होल्ट जातात आणि १२.६ पैकी ११ व्होल्ट उरतात. दहा मिलिओहमच्या बॅटरीत ४ व्होल्ट जातात, उरतात ८.६, त्यावर सेल्फ फिरेल, पण इंजिन पेटण्याइतक्या वेगाने फिरेलच असे नाही. स्कूटी किंवा यूपीएसमध्ये असते तशी ७ एएचची सीलबंद बॅटरी साधारण वीस ते पंचवीस मिलिओहमची असते. तिच्याकडून ४०० अँपिअर मागणे म्हणजे आठ-दहा व्होल्ट आतच जिरवणे. यातली कोणतीही बॅटरी सेल्फ मारण्याआधी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच दाखवते. न मागता दाखवलेल्या दाबावर विश्वास ठेवून घेतलेले निर्णय नंतर महाग पडतात, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे.

दुकानात दिसणाऱ्या जाती या दृष्टीने पाहिल्या तर निवड बरीच सोपी होते. मोटार, ट्रॅक्टर आणि जनरेटरच्या सेल्फसाठीच्या बॅटऱ्या पातळ आणि जास्त प्लेटांच्या असतात. त्यांचा रोध कमी, परंतु त्या वारंवार तळापर्यंत उतरवल्या तर प्लेटांवरचा लेप सुटून लवकर संपतात. ट्यूब्युलर बॅटरीत धन बाजूचा ऐवज बारीक नळ्यांच्या कापडी पिशव्यांत, मधल्या शिशाच्या काडीभोवती बंद केलेला असतो. तो सुटत नाही, म्हणून ती रोज चार तास दिवे-पंखे चालवून वर्षानुवर्षे टिकते. पण त्याच बांधणीमुळे तिचा रोध जास्त असतो. या दोन कामांसाठी या दोन जाती आहेत आणि त्यांची अदलाबदल दोन्ही बाजूंनी तोट्याची आहे. एजीएम बॅटरीत आम्ल काचतंतूंच्या दाबून बसवलेल्या चटईत शोषलेले असते. प्लेटा एकमेकींच्या अगदी जवळ येतात, रोध बराच कमी होतो, आणि झटक्याच्या कामात त्याच आकाराच्या साध्या बॅटरीला ती सहसा मागे टाकते. तिची किंमत जास्त असते, उडून गेलेले पाणी परत घालता येत नाही आणि जादा दाबाने चार्ज केलेले तिला सोसत नाही, हे तिचे उणे. जेल बॅटरी, म्हणजे जिच्यातले आम्ल जेलीसारखे घट्ट केलेले असते ती, शांतपणे, दीर्घकाळ देणारी आहे. झटक्यासाठी ती घेऊ नये, एवढेच तिच्याबद्दल इथे पुरे.

आता लेबल कसे वाचावे ते पाहू. एएचच्या आकड्याशेजारी बहुधा सी-२० किंवा सी-१० असे लिहिलेले असते. सी-२० म्हणजे ती क्षमता वीस तासांत सावकाश उतरवून मोजलेली आहे. शंभर एएचच्या बॅटरीतून पाच अँपिअर, वीस तास, दाब १०.५ व्होल्टवर येईपर्यंत. पाच अँपिअरच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला आपण सहाशे अँपिअरच्या परीक्षेला बसवतो आहोत, हे इथेच ध्यानात यावे.

झटक्यासाठीचा खरा आकडा सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर. अमेरिकी पद्धतीत त्याचा अर्थ असा: पूर्ण चार्ज बॅटरी उणे १८ अंश सेल्सिअसला थंड करून, तीस सेकंद जेवढा प्रवाह घेतला तरी बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, तेवढे अँपिअर. युरोपीय, जर्मन आणि आंतरराष्ट्रीय पद्धतींत तापमान तेच असले तरी सेकंद आणि व्होल्ट वेगळे आहेत, त्यामुळे एकाच बॅटरीचा आकडा पद्धतीनुसार बदलतो. दोन कंपन्यांचे सीसीए शेजारी ठेवताना त्याखाली कोणत्या पद्धतीचे नाव आहे ते आधी पाहावे. नुसते ‘सीए’ लिहिलेले असेल तर ते शून्य अंशाला मोजलेले असते आणि म्हणून मोठे दिसते.

कोल्हापुरात उणे १८ अंशांची थंडी कुणी पाहिलेली नाही, मग हा आकडा आपल्याला काय कामाचा, असा रास्त प्रश्न विचारला जातो. उत्तर असे की, तो इथे हवामानासाठी वापरायचा नाही, तुलनेसाठी वापरायचा आहे. ज्या बॅटरीचा सीसीए जास्त तिचा अंतर्गत रोध कमी, हे नाते तीस अंशांवरही टिकते. आपल्या तापमानाला प्रत्यक्ष मिळणारा प्रवाह लेबलापेक्षा जास्तच असतो, म्हणजे आकडा आपल्या बाजूने झुकलेला आहे.

मोटारीच्या बॅटरीवर ‘३८बी२०एल’ यासारखे जे जपानी पद्धतीचे नाव असते, त्यातील पहिल्या आकड्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. ते ३८ म्हणजे एएच नव्हे. तो कामगिरीचा क्रमांक आहे, ज्यात क्षमता आणि सेल्फ मारण्याची ताकद दोन्ही मिसळलेली आहेत. ‘बी’ हे रुंदी-उंचीचे अक्षर, २० ही सेंटिमीटरमधील लांबी, आणि शेवटचे अक्षर टर्मिनलची बाजू सांगते. यूपीएसच्या ‘हाय रेट’ बॅटऱ्यांवर याहून निराळी भाषा असते. तिथे दर सेलमागे इतके वॅट, पंधरा मिनिटे, असे लिहिलेले असते, आणि मिनिटांच्या कामासाठी तोच आकडा सर्वांत प्रामाणिक आहे.

लेबल समजले तरी निवडीला बॅटरीपासून सुरुवात करू नये. सुरुवात भारापासून करावी, आणि तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: प्रवाह जास्तीत जास्त किती, तो किती सेकंद, आणि त्या वेळी यंत्राला कमीत कमी किती दाब लागतो. पहिल्या प्रश्नाला मोटारीच्या पाटीवरचा आकडा हे उत्तर नव्हे. पाटीवर चालत्या मोटारीचा प्रवाह असतो. थांबलेली मोटार सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त प्रवाह ओढते, कारण फिरू लागल्यावर तिच्यात जो विरोधी दाब निर्माण होतो तो त्या क्षणी शून्य असतो. इंजिनाच्या बाबतीत निर्मात्याच्या पुस्तिकेत सीसीएची शिफारस दिलेली असते. ती डावलण्यात शहाणपणा नाही. डिझेल इंजिनात हवा पेट्रोलपेक्षा बरीच जास्त दाबावी लागते, म्हणून त्याच क्षमतेच्या डिझेल इंजिनाला मोठी बॅटरी लागते.

उसाच्या हंगामातील ट्रॅक्टर हे या विषयातले सर्वांत अवघड गिऱ्हाईक मानायला हरकत नाही. कारखान्याच्या अड्ड्यावर रांगेत तो पन्नास वेळा बंद-चालू होतो, दोन सुरुवातींच्या मध्ये इंजिन इतका थोडा वेळ चालते की खर्च झालेला प्रवाह अल्टरनेटर पुरता भरून काढत नाही, आणि या सर्वांवर कडी म्हणजे इंजिन बंद असताना रात्रभर वाजणारा टेप. त्यावरची गाणी कोणती असावीत, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बॅटरीच्या दृष्टीने पाहता पातळ प्लेटांची सेल्फ-बॅटरी रोज अशी तळापर्यंत उतरवली तर ती हंगाम काढेलच याची खात्री नाही. यावर अधिक एएचची सेल्फ-बॅटरी हा उपाय नव्हे. टेप आणि दिव्यांसाठी वेगळी लहान ट्यूब्युलर बॅटरी ठेवून सेल्फची बॅटरी फक्त सेल्फसाठी राखणे, हा उपाय आहे.

घरच्या इन्व्हर्टरवर पाण्याची मोटार चालवू पाहणाऱ्यांचा पेच याच्या उलट बाजूने येतो. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार चालू लागली की सहा-सातशे वॅटच घेते, पण सुरू होण्याच्या अर्ध्या सेकंदात बारा व्होल्टच्या बाजूला दोनशे अँपिअरच्या आसपास मागणी जाऊ शकते. आठ मिलिओहमच्या ट्यूब्युलर बॅटरीत तेवढ्याने १.६ व्होल्ट पडतात. बॅटरी भरलेली असताना दाब पावणेअकराच्या वर राहतो आणि मोटार सुरू होते. वीज जाऊन दोन तास झालेले असताना तोच झटका दाबाला साडेदहाच्या खाली नेतो आणि बॅटरी कमी झाली असे समजून इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. बॅटरी खराब नसते, इन्व्हर्टरही खराब नसतो. पुरेशा क्षमतेचा इन्व्हर्टर असूनही तक्रार मात्र दोघांचीही होते. इथे दीर्घकाळ आणि झटका दोन्ही हवे असल्यामुळे ट्यूब्युलरच घ्यावी, पण एकाऐवजी दोन, आणि शक्य असेल तर चोवीस व्होल्टचा इन्व्हर्टर. दोन बॅटऱ्या समांतर जोडा की एकापुढे एक जोडा, त्यांच्या आत जिरणारी शक्ती सारखीच राहते. फायदा होतो तो केबलचा, कारण दाब दुप्पट झाला की प्रवाह निम्मा होतो आणि त्याच केबलमधील नासाडी एकचतुर्थांशावर येते. जोडीत एक नवी आणि एक जुनी असे मात्र कधीही करू नये. जुनी बॅटरी नवीला आपल्या पंगतीला आणते.

राजारामपुरीत गणेशोत्सवातील तांत्रिक देखाव्यांचे काम करणाऱ्या मुलांनी मला एकदा विचारले होते की, बॅटरीवर चालणाऱ्या आठ मोटारी एकदम सुरू केल्या की सगळाच देखावा का अडखळतो, आणि किती मोठी बॅटरी घ्यावी. बॅटरी तीच ठेवून प्रत्येक मोटार अर्ध्या सेकंदाच्या अंतराने सुरू केली आणि काम झाले. झटका पेलण्याआधी तो वाटून देता येतो का, हे पाहण्याला पैसे लागत नाहीत.

लिफ्ट अडकल्यावर तिला जवळच्या मजल्यावर आणणाऱ्या यंत्रणेत सहसा लहान सीलबंद बॅटऱ्यांची माळ असते. ही माळ वर्षातून काही वेळाच वापरली जाते आणि उरलेला काळ बंद, तापलेल्या खोलीत नुसती चार्जवर बसून म्हातारी होते. तिथे एएचपेक्षा बॅटरीचे वय पाहावे, आणि माळ बदलायची तर सगळी एकदम बदलावी.

केबल आणि जोडण्या यांच्याविषयी दुकानात कुणी बोलत नाही, कारण त्यात कुणाला नफा नाही. तांब्याच्या ३५ चौरस मिलिमीटर केबलचा रोध मीटरमागे अर्धा मिलिओहम असतो. बॅटरीपासून सेल्फपर्यंत तीन मीटर आणि परत तीन मीटर, म्हणजे ३ मिलिओहम. ६०० अँपिअरला १.८ व्होल्ट. त्याऐवजी १६ चौरस मिलिमीटरची केबल कुणी ‘चालतंय की’ म्हणून बसवली, तर हेच चार व्होल्ट होतात. एवढे व्होल्ट वाचवण्यासाठी बॅटरी केवढी मोठी घ्यावी लागेल, याचा हिशेब केला म्हणजे जाड आणि आखूड केबल स्वस्त वाटू लागते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला, क्लॅम्प सैल राहिला किंवा लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा, नीट दाबून बसवण्याऐवजी हातोडीने ठोकला, तर तिथे अर्धा व्होल्ट सहज जातो. अर्धा व्होल्ट म्हणजे ६०० अँपिअरला ३०० वॅट, आणि ते त्या एका बोटभर जागेत उष्णता होऊन बाहेर पडतात.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन पेटणार नाही अशा रीतीने इंधन बंद करावे आणि दुसऱ्याला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगावे. त्या वेळात मीटरच्या दोन्ही पिना आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर ठेवाव्यात. बारा व्होल्टची निरोगी बॅटरी साधारण ९.६ व्होल्टच्या वर राहिली पाहिजे. मग एक पिन खुंटीवर आणि दुसरी तिच्याच क्लॅम्पवर ठेवावी, तिथे ०.१ व्होल्टपेक्षा फार जास्त दिसता कामा नये. शेवटी ऋण खुंटी आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मोजावे, कारण अर्थिंगच्या पट्टीकडे कुणाचे लक्ष नसते. तिथे पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी काढून, दोन्ही तोंडे घासून पुन्हा आवळावी. दहा मिनिटांच्या या कामाने मी पाहिलेल्या ‘बाद’ बॅटऱ्यांपैकी निम्म्या तरी पुन्हा कामाला लागल्या असतील.

जो गुण आपण शोधतो आहोत तोच धोकाही आहे. पाच मिलिओहमच्या बॅटरीवर पाना आडवा पडला तर दोन हजारांहून अधिक अँपिअर वाहू शकतात, आणि हातात अंगठी किंवा कडे असेल तर ते क्षणात लाल होते. सेल्फच्या मुख्य केबलमध्ये बहुतेक ठिकाणी फ्यूज नसतो. इन्व्हर्टर, विंच किंवा स्वतः बनवलेल्या यंत्रणेत मात्र तो बॅटरीच्या अगदी जवळ, डीसीसाठीच बनवलेला आणि एवढा मोठा प्रवाह तोडू शकणारा असावा. घरातील एसीचे एमसीबी तिथे चालत नाहीत, कारण डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेटू शकतो, म्हणून दुसऱ्या गाडीवरून जोडणी देताना शेवटचा क्लॅम्प बंद पडलेल्या गाडीच्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर लावतात.

निगेविषयी थोडेच सांगायचे आहे. आपल्या हवेत बॅटरीला थंडी मारत नाही, उन्हाळा मारतो; तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. जनरेटरच्या धुराड्याशेजारी, बंद पेटीत बॅटरी ठेवण्याची पद्धत म्हणूनच मला कधी पटली नाही. जनरेटर आठवडेच्या आठवडे उभा राहत असेल तर त्याच्या बॅटरीला फ्लोट चार्जर, म्हणजे तिला सतत भरलेली ठेवणारा चार्जर, हवाच, बारा व्होल्टमागे साडेतेरा व्होल्टच्या आसपास. नाहीतर ती आपोआप उतरते, सल्फेटचे खडे कडक होतात आणि रोध वाढत जातो, जो मीटरवर दिसत नाही आणि सेल्फ मारल्यावरच कळतो. प्लेटा उघड्या पडण्याआधी डिस्टिल्ड वॉटर घालावे. नवी बॅटरी घेताना तिच्यावरची निर्मितीची तारीख वाचून घ्यावी, आणि जुनी दुकानदाराला परत द्यावी. तिच्यातील शिशाची किंमत बिलातून वजा होते.

त्या फौंड्रीत मग आम्ही मीटर लावला. थांबलेल्या स्थितीत दोन ट्यूब्युलर मिळून २५.२ व्होल्ट होते. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर १५ उरले आणि सेल्फच्या खुंटीवर १२. क्लॅम्प मीटर ६०० अँपिअर दाखवत होता. म्हणजे दहा व्होल्ट बॅटऱ्यांनी खाल्ले होते आणि तीन केबलने. पातळ प्लेटांच्या १०० एएचच्या दोन नव्या सेल्फ-बॅटऱ्या आणल्या, अर्थिंगची गंजलेली पट्टी बदलली आणि लग पुन्हा दाबून घेतले. या वेळी प्रवाह सातशेपर्यंत गेला तरी सेल्फवर साडेअठरा व्होल्ट होते, आणि इंजिन तीन सेकंदांत पेटले. ट्यूब्युलर बॅटऱ्या कार्यालयात परत गेल्या. संगणक आणि पंखे त्यांच्यावर आजही बिनतक्रार चालतात.